पटकीचे गणित आणि गावची विहीर

साथींच्या गणिती मीमांसेत अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक यांच्या १९२६ सालच्या निबंधाचे स्थान मोठे आहे. हिंदुस्थानातील एका खेड्यातील पटकीची त्यांनी दिलेली आकडेवारी अवघी पाच अंकांची आहे. २२३ घरांपैकी १६८ घरांत एकही रोगी नव्हता. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन व एका घरात चार रोगी होते. सर्व घरांना सारखाच धोका होता असे मानल्यास हे आकडे प्वासाँच्या वितरणात बसत नाहीत. रोगमुक्त घरे फाजील ठरतात. म्हणून मॅकेंड्रिक यांनी ती घरे बाजूस ठेवून उरलेल्या आकड्यांवरून धोक्यातील घरांची संख्या काढली. ती ९३ आली. त्यांपैकी सुमारे ३७ घरे केवळ योगायोगाने वाचली. बाकीच्या १३० घरांपर्यंत रोगाचे कारण पोहोचलेच नाही. या ९३ घरांचे पाणी एकाच दूषित विहिरीचे असावे, असे त्यांचे अनुमान आहे.

९३ घरे धरल्यास एक, दोन, तीन व चार रोग्यांची अपेक्षित घरे अनुक्रमे ३४, १६, ५ व १ येतात. मेळ उत्तम आहे. परंतु मेळ म्हणजे प्रमाण नव्हे. ९३ ही संख्या गणिताने दिली; ‘विहीर’ गणिताने दिलेली नाही. एका पंगतीस जेवलेली घरेही तितकीच असू शकतील. शिवाय या वितरणात एकाच घरातील रोगी परस्परनिरपेक्ष मानावे लागतात. घरातल्या घरात संसर्ग पसरला, तरीही रोगी मोजक्या घरांत एकवटतात व रोगमुक्त घरे वाढतात. केवळ ५५ बाधित घरांवरून या दोन शक्यतांचा निवाडा करणे कठीण आहे. आणि उपाय तर त्या निवाड्यावरच ठरतो. एका पक्षी विहिरीचे निर्जंतुकीकरण पुरेल. दुसऱ्या पक्षी घरातील पाण्याची भांडी व रोग्याची शुश्रूषा यांकडेही पाहावे लागेल.

अवर्षणप्रवण जालना जिल्ह्यात तर विहीर हे गृहीतकच डळमळते. २०१२-१३ च्या दुष्काळात तेथील अनेक गावांना टँकरचे पाणी प्यावे लागले. मराठवाड्यात असे पाणी पुष्कळदा कोरड्या विहिरीत सोडून तेथून शेंदले जाते. अशा वेळी विहीर हा उगम राहत नाही, वाटेवरचे भांडे होते. धोक्यातील घरांचा समूह खेपेगणिक बदलू शकतो. क्लॉडिया कोडेसो यांच्या २००१ सालच्या प्रतिमानात पाण्यातील जंतूंना स्वतंत्र राशीचे स्थान मिळाले, ही प्रगती खरीच. परंतु तेथेही जलाशय एकच कल्पिलेला आहे.

तात्पर्य, घरामागे रोगी किती एवढी नोंद पुरेशी नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या घरी, कोठले पाणी आले, हेही तिच्याबरोबर हवे. मॅकेंड्रिक यांची पद्धती शोधाची दिशा दाखविते. शोध मात्र पाणवठ्यावर जाऊनच पुरा करावा लागतो.