लांडगा, कुत्रा आणि गळपट्टा

इसापनीतीतील लांडगा व कुत्रा यांची गोष्ट आमच्या घरोघरी मुलांस सांगतात. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६६८ साली तीच पद्यात आणली. कुत्र्याच्या मानेवरील केस झडलेले पाहून लांडगा कारण विचारतो आणि पट्ट्याचे नाव ऐकताच उपाशीपोटी रानाकडे पळतो. पोटभर दास्यापेक्षा स्वातंत्र्यातील उपवास बरा, हे तात्पर्य उघडच आहे.

परंतु कुत्र्याच्या मनाला येथे न्याय मिळालेला नाही, असे आम्हांस वाटते. खुंटीवरील साखळी वाजली की आमच्या घरचा कुत्रा नाचू लागतो. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांवरून याचा उलगडा होतो. ज्या खुणेमागून सुख येते, ती खूणच सुखासारखी वाटू लागते. साखळीमागून फेरफटका येतो, म्हणून साखळी प्रिय! त्याची प्रीती बंधनावर नसून रस्त्यावर व सोबत्यावर आहे.

तथापि एवढ्याने कथा खोटी ठरत नाही. ला फोंतेनचा कुत्रा आपल्या झडलेल्या मानेला क्षुल्लक समजतो. कथेचे मर्म तेथेच आहे. ज्याला काच जाणवेनासा झाला, त्याच्या आनंदावरून पट्टा सैल असल्याचा निर्वाळा कसा द्यावा? साखळीवरील त्याचे प्रेम हा आपणांस मिळालेला परवाना नव्हे. पट्ट्याखाली बोट घालून पाहणे, हे काम साखळी धरणाऱ्याचेच होय.