तेरेसेचा ‘अंतर्दुर्ग’

गूढानुभवाचें वाङ्मय वाचतांना सुशिक्षित वाचकाचें मन बहुधा दोहोंपैकीं एका आडवाटेस लागतें. एक तर दर्शनें, समाधि, भावावस्था यांच्या अद्भुततेंतच तें गुंतून पडतें. नाहीं तर ‘सारे संत अखेर एकच सांगतात’ असा निकाल देऊन मोकळें होतें. स्पेनमधील कार्मेल संप्रदायाची संन्यासिनी तेरेसा (१५१५–१५८२) हिचा ‘अंतर्दुर्ग’ या दोन्ही आडवाटांवरून वाचकास परत आणतो, आणि त्याचें खरें मोल यांतच आहे असें आम्हांस वाटतें.

ग्रंथाचा विषय ध्यानप्रार्थना. पाठ केलेलीं वचनें म्हणणें किंवा देवापाशीं कांहीं मागणें एवढ्यावर ही प्रार्थना थांबत नाहीं. हळूहळू शब्द गळतात, विचारही स्थिरावतो, आणि साधकाला केवळ देवाच्या सन्निध असणें पुरेसें होतें. ही वाटचाल वर्णन करण्यासाठीं तेरेसेनें आत्म्याला स्फटिकाच्या दुर्गाची उपमा दिली आहे. त्यांत सात महाल असून सर्वांत आंतल्या महालांत ईश्वराचा निवास आहे. प्रवेशद्वार म्हणजे प्रार्थना.

वरिष्ठांच्या आज्ञेवरून तिनें हा ग्रंथ २ जून १५७७ रोजीं टोलेडो येथें लिहावयास घेतला व २९ नोव्हेंबर रोजीं आविला येथें संपविला. मध्यंतरीं कित्येक महिने काम अडून राहिलें. वय ६२ वर्षांचें, डोक्यांत अखंड घोंघावणारा आवाज, मठांच्या कारभाराचा व्याप, आणि पूर्वीं लिहिलेलें आत्मचरित्र धर्मन्यायासनाच्या ताब्यांत, अशा स्थितींतील हें लेखन आहे. साहजिकच रचनेंत शैथिल्य व पुनरुक्ति आढळतात. २७ प्रकरणांपैकीं ११ एकट्या सहाव्या महालानें व्यापिलीं आहेत. प्रमाणबद्धतेचा चाहता वाचक येथें कंटाळल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं.

या दोषांची भरपाई तिची घरगुती भाषा करते. आत्मचरित्रांतच प्रार्थनेच्या चार अवस्था तिनें बागेच्या शिंपण्यावरून समजाविल्या होत्या: प्रथम विहिरींतून पोहऱ्यानें पाणी शेंदावयाचें, मग रहाट, मग ओढ्याचें पाणी, आणि शेवटीं पाऊस. माळ्याचे श्रम उत्तरोत्तर कमी, पाणी उत्तरोत्तर अधिक. मानवी प्रयत्न व ईश्वरी कृपा यांचा संबंध रहाटाची कुरकुर ऐकलेल्या कोणालाही यावरून उमगेल.

अद्भुताविषयीं ती फार सावध आहे. चौथ्या महालांत तिनें एका व्यक्तीची हकीकत सांगितली आहे. ही व्यक्ति आठ तासपर्यंत गुंगींत राही, आणि तिच्या धर्मगुरूसही तो ईश्वरी प्रसाद वाटे. तेरेसेच्या मतें तो केवळ अशक्तपणा होता. झोप, अन्न व कमी तपश्चर्या एवढ्या उपायांनीं तो गेला! साधकाची कसोटी ती आचरणावर लावते. प्रभूच्या चरणांपाशीं बसलेली मरिया व घरकामांत गढलेली मार्था या शुभवर्तमानांतील दोघी बहिणी सातव्या महालांत एकत्र नांदल्या पाहिजेत, असा तिचा आग्रह आहे. १५६२ पासून मृत्यूपर्यंत १७ मठ स्थापणाऱ्या स्त्रीच्या लेखणींतून तो आला असल्यामुळें पोकळ वाटत नाहीं.

याच महालांतील ऐक्य नदींत पडलेल्या पावसाच्या पाण्यासारखें आहे, असें ती म्हणते. येथें आपला अद्वैती वाचक आनंदानें मान डोलवील. पण त्यानें सहाव्या महालाचें सातवें प्रकरण विसरूं नये. साधक कितीही वर चढला तरी देहधारी, दुःख भोगणाऱ्या ख्रिस्ताचें ध्यान त्यानें सोडूं नये, असें तेथें तिनें निक्षून सांगितलें आहे. हा भेद पुसून केलेल्या समन्वयांत सौजन्य असेल, पण सत्याची हानि होते. शेजाऱ्याचें घर आपल्या घरासारखें दिसतें एवढ्याच कारणासाठीं तें चांगलें म्हणणें, हा त्याचा सन्मान कसला? संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी वाचकास या ग्रंथांत साम्यें न शोधतां भेटतील. त्यानें भेद शोधीत वाचावें, म्हणजे दोन्ही घरांची ओळख अधिक खरी होईल.