सिंहासनासमोरचे बाक

अरुण साधू यांची ‘सिंहासन’ ही कादंबरी 1977 साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आणि साधूंच्याच ‘मुंबई दिनांक’वर आधारलेला जब्बार पटेल यांचा चित्रपट 1979 साली आला, त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. मराठी राजकीय कादंबरीचा विषय निघाला की आजही प्रथम हीच नावे घेतली जातात. आम्ही ‘सिंहासन’ नुकतीच पुन्हा वाचली. निमित्त मात्र साहित्याचे नव्हते, बीड जिल्ह्याचे होते.

9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्याच महिन्यात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरले आणि तेथे हा विषय गाजला. परंतु त्या वेळी विधानसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता. सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे 288 पैकी 29 जागा असलेल्या पक्षालाच ते पद देण्याचा संकेत आहे. आणि नुकत्याच झालेल्या निवडणुकीत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला अवघ्या 20 जागा मिळाल्या होत्या. प्रश्न विचारलाच गेला नाही, असे कोणी म्हणणार नाही. तो विरोधी बाकांवरून विचारला गेला, तसाच बीड जिल्ह्यातील सत्ताधारी पक्षाच्या आमदारांनीही विचारला, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण एखाद्या आमदाराच्या हिमतीवर विसंबून राहणे वेगळे, आणि प्रश्न विचारणे हेच ज्याचे कर्तव्य, असा माणूस सभागृहात अधिकृतपणे बसलेला असणे वेगळे. हा फरक आपल्या वाङ्मयाला कळला आहे काय, हे पाहण्यासाठी आम्ही साधूंकडे वळलो.

‘सिंहासन’मधील राजकारण वाचकांना परिचित आहेच. मुख्यमंत्री जिवाजीराव खुर्ची सांभाळून आहेत आणि त्यांचेच अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे ती ओढू पाहत आहेत. शहराचे चाक थांबवण्याची ताकद असलेला कामगारपुढारी डिकास्टा आहे. आपल्यातले वाटणारे त्याचे नाव आमच्या वाचकांच्या विशेष लक्षात राहिले असेल. आणि हे सारे पाहणारा, सारे समजणारा, पण काहीही बदलू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस आहे. साधू स्वतः पत्रकार होते. मंत्रालयातील कुजबुज, दूरध्वनीवरचे सौदे, दिल्लीकडे लागलेले डोळे हे सारे त्यांनी एवढ्या नेमकेपणाने टिपले आहे की चार दशकांनंतरही त्यातील एक ओळ शिळी वाटत नाही.

तरीही पुनर्वाचनात एक उणीव आम्हांस जाणवली. या कादंबरीत कारस्थान आहे, बंड आहे, संप आहे. विरोधी पक्ष मात्र नाही. असलाच तर तो कडेला उभा आहे. दाभाडे मुख्यमंत्र्यांना विरोध करतात तो त्यांच्या धोरणाला नव्हे, त्यांच्या खुर्चीला. डिकास्टाची शक्ती खरी आहे, पण ती रस्त्यावरची. ‘सरकार चुकते आहे, मला पटते ते मी सभागृहात मांडीन, हरलो तर निर्णय मानीन आणि उद्या पुन्हा मांडीन’ असे म्हणणारे पात्र या जगात नाही. म्हणूनच चित्रपटाच्या अखेरीस दिगूला वेडसर हसण्यापलीकडे काही उरत नाही.

हा दोष लेखकाचा म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. 1972 च्या निवडणुकीत 270 पैकी 222 जागा एकट्या काँग्रेसने जिंकल्या होत्या. अशा राज्यात खरी चुरस सत्ताधारी पक्षाच्या पोटातच असणार. साधूंनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. आमचे म्हणणे एवढेच की, त्याच महाराष्ट्रात त्याच वर्षांत आणखीही काही घडत होते, आणि ते या कादंबरीत आले नाही.

‘राजनिष्ठ विरोधी पक्ष’ हा शब्दप्रयोग इंग्लंडचा. 1826 साली जॉन हॉबहाउस यांनी पार्लमेंटमध्ये ‘महाराजांचा विरोधी पक्ष’ असे शब्द थट्टेने उच्चारले आणि सभागृह हसले. त्या थट्टेत पुढे एक थोर संकेत रुजला : सरकारला विरोध म्हणजे राज्याला विरोध नव्हे. आपल्या ख्रिस्तसभेलाही ही कल्पना परकी नाही. कोणालाही संतपद देण्यापूर्वी त्याच्याविरुद्धचे सारे मुद्दे मांडण्यासाठी एक अधिकारी नेमला जाई. सिक्स्टस पाचवे यांनी 1587 साली ते पद रीतसर निर्माण केले, आणि 1983 च्या सुधारणांपर्यंत ते आपल्या मूळ रूपात टिकले. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. प्रत्यक्षात तो ख्रिस्तसभेचाच एकनिष्ठ सेवक असे.

बीडच्या मतदारांना हा धडा ग्रंथांतून शिकावा लागला नाही. निजामी राजवटीतून 1948 साली मुक्त झालेल्या या जिल्ह्याने पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसऐवजी लोकशाही आघाडीचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना लोकसभेत पाठविले. 1967 साली येथून क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले, तर 1977 साली गंगाधरअप्पा बुरांडे. यांतील नाना पाटलांचे उदाहरण आम्हांस सर्वांत बोलके वाटते. परकीय सत्तेविरुद्ध त्यांनी साताऱ्यात प्रतिसरकार उभारले. स्वतःचे प्रजासत्ताक आल्यावर मात्र तेच नाना पाटील राज्यघटनेची शपथ घेऊन विरोधी बाकावर बसले. प्रतिसरकार आणि विरोधी पक्ष यांतील भेद एका माणसाच्या आयुष्यात इतका स्वच्छ दिसतो, आणि तरी त्यावर समर्थ कादंबरी लिहावी असे आपल्या लेखकांना फारसे वाटले नाही, याची खंत वाटते.

दुसरे उदाहरण दुष्काळाचे. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला, तेव्हा विरोधी पक्षांनी मोर्चे काढले आणि कामाचा व मजुरीचा प्रश्न सभागृहात लावून धरला. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी घडविली ते वि. स. पागे सत्ताधारी पक्षाचे होते व विधान परिषदेचे सभापती होते. 1977 साली त्या योजनेचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. भांडणारे दोन पक्ष खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी एका कायद्यावर एकत्र आले. ‘सिंहासन’ ज्या वर्षी छापली गेली, त्याच वर्षी हे घडले!

पुढे परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे 1991 ते 1995 या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. राजकारणातील गुन्हेगारीचा प्रश्न त्यांनी राज्यभर नेला. 1995 साली सत्तांतर झाले आणि ते उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले. त्यांच्या पक्षाविषयी आपले मत काहीही असो. त्यांनी खुर्ची मिळविली ती समोरच्या बाकावर बसून, लोकांकडे कौल मागून.

त्यानंतरचा इतिहास मात्र साधूंच्या बाजूने साक्ष देतो. 2005 साली विरोधी पक्षनेते नारायण राणे काँग्रेसमध्ये जाऊन मंत्री झाले. 2014 साली एकनाथ शिंदे काही आठवडे विरोधी पक्षनेते होते आणि लगेच पक्षासह सरकारात गेले. 2019 साली राधाकृष्ण विखे पाटील आणि 2 जुलै 2023 रोजी अजित पवार यांनीही तोच रस्ता धरला. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील. परंतु विरोधी पक्षनेत्याची खुर्ची जर मंत्रिपदाची पायरी ठरू लागली, तर ती एके दिवशी रिकामी पडावी यात नवल कसले? मतदारांनी ती रिकामी केली हे खरे. पण तिची किंमत नेत्यांनी आधीच उतरविली होती.

म्हणून ‘सिंहासन’ ही आमच्या मते थोर पण अर्धी कादंबरी आहे. तिने सिंहासन दाखविले, त्यासमोरचे बाक दाखविले नाही. तो दुसरा अर्धा भाग लिहिणे बाकी आहे, आणि ते काम केवळ लेखकांचे नाही. आपल्या पतपेढीच्या वार्षिक सभेत हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला आपण काय म्हणतो? ‘हा नेहमीचाच विघ्नसंतोषी’, असेच ना? धर्मग्रामाच्या बैठकीत वेगळे मत मांडणाऱ्या भगिनीला आपण शेवटपर्यंत बोलू देतो काय? ज्या समाजाला स्वतःच्या अंगणात प्रश्नकर्ता नकोसा होतो, त्याला तो विधानसभेत मिळण्याची आशा कशी करता येईल?

पुढच्या सभेत तो सभासद पुन्हा उठेल. त्याला बसा म्हणण्यापूर्वी, वाचकहो, त्याचा प्रश्न पुरा ऐकावा, एवढीच आमची विनंती आहे.