जादूलाही नियम हवेत, पण कोणते?

भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो. त्याची कृती साधली की फसली, हे फासे आणि नियमावली ठरवतात. म्हणजे नियमावली हे त्या काल्पनिक जगाचे प्रारूपच. ते त्या जगाशी जुळते का, हे तपासायला हवे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. त्याच्या जुन्या नियमांत जादूगार मंत्र पाठ करी; वापरला की मंत्र स्मृतीतून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातली. तिथे पृथ्वी अखेरच्या घटका मोजते आहे, जुनी विद्या लोपली आहे. म्हणून हा नियम शोभतो. पण जादू जिथे अभ्यासाने मुरणारी विद्या आहे, तिथे तो लादला तर वीस वर्षे घोकलेला मंत्रही उच्चारताच विसरायचा!

'आर्स मॅजिका' (१९८७) हा खेळ मध्ययुगीन युरोपात घडतो. त्यात ५ क्रिया आणि १० विषय आहेत, त्यांची नावे लॅटिन. 'निर्मिती'ला 'अग्नी' जोडला की ज्वाला. १५ गोष्टी शिकल्या की ५० जोड्या हाती येतात. विद्वानांची भाषा लॅटिन होती, त्या काळाला हे साजते. मात्र प्रत्येक नव्या मंत्राची अवघडता ठरवताना खेळ रेंगाळतो.

आदर्श वायूचे समीकरण द्रवीभवनाजवळ लंगडे पडते, तसेच हे. दोष सूत्राचा नसतो, ते कुठे लावले याचा असतो. वर्गात एखादी परीकथा घ्या आणि मुलांना तिच्यातल्या जादूचे नियम लिहायला सांगा. कोणता नियम कथेशी विसंगत आहे, ते मुलेच शोधतील.