पिंपळगाव रेणुकाईच्या वर्गातील व्हिटमन आणि ओ. हेन्री : अमेरिकन साहित्याच्या अध्यापनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीची बाजारपेठ म्हणून परिचित आहे. अशा गावातील अकरावी-बारावीच्या वर्गात शेतकरी, शेतमजूर आणि छोट्या व्यावसायिकांची मुले-मुली बसतात. दहावीपर्यंत त्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. त्यांच्या दृष्टीने इंग्रजी हा आधी उत्तीर्ण होण्याचा आणि मग जमल्यास वाचण्याचा विषय असतो. 2020 साली लागू झालेल्या इयत्ता बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात वॉल्ट व्हिटमन यांच्या ‘साँग ऑफ द ओपन रोड’ या कवितेचा आणि ओ. हेन्री यांच्या ‘द कॉप अँड द अँथेम’ या कथेचा समावेश करण्यात आला. या दोन अमेरिकन कलाकृती पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातील वर्गात कोणत्या नात्याने येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठी वाचनाची पूर्वपरंपरा :

अमेरिकन विचार आणि साहित्य महाराष्ट्राला, विशेषतः मराठवाड्याला, परके नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी विद्यार्थिदशा संपताना थॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. 1873 साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून पुढे डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारखे इंग्रजीचे प्राध्यापक आणि प्राचार्य पुढे आले. त्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात व्हिटमनवरच संशोधन करून डॉक्टरेट मिळविली होती. परत आल्यावर त्यांनी दलित लेखकांचे लक्ष अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे वेधले. 1972 साली स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून या अभ्यासाला मराठीत पाया मिळवून दिला.

या परंपरेचे एक वैशिष्ट्य लक्षणीय आहे. फुल्यांपासून वाघमाऱ्यांपर्यंत कोणीही अमेरिकन ग्रंथ केवळ इंग्रजीच्या सरावासाठी वाचला नाही. प्रत्येकाने आपल्या समाजाचा एक प्रश्न घेऊन तो ग्रंथ उघडला. आज वर्गात व्हिटमन शिकविला जातो, पण मराठवाड्यातील प्राध्यापकाने त्याच कवीवर केलेल्या संशोधनाचा उल्लेखही सहसा होत नाही. परंपरेचा धागा तुटल्याची ही खूण आहे.

खुला रस्ता आणि खडी फोडणारे हात :

व्हिटमन (1819–1892) यांची ही कविता ‘लीव्हज ऑफ ग्रास’च्या 1856 मधील दुसऱ्या आवृत्तीत प्रथम आली. तिचा निवेदक पायी, हलक्या मनाने निघतो. दैवाकडे काही मागत नाही, तक्रारी मागे टाकतो. परीक्षेत कवितेचे रसग्रहण ठराविक मुद्द्यांच्या आधारे लिहावयाचे असल्याने वर्गात या कवितेची मांडणी बहुधा ‘स्वातंत्र्य’, ‘आशावाद’ आणि ‘संदेश’ अशा कप्प्यांत होते. मार्गदर्शक पुस्तकांत ही उत्तरे तयार मिळतात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. त्यात असत्य काही नाही, परंतु त्यात विद्यार्थीही नाही.

‘रस्ता’ या शब्दाला मराठवाड्यात स्वतःचा इतिहास आहे. 1972 च्या दुष्काळात शासनाने काढलेल्या कामांवर लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, माती वाहिली. या भागातील अनेक रस्ते त्या श्रमांतून तयार झाले. आजच्या विद्यार्थ्याच्या आजी-आजोबांच्या पिढीने तो रस्ता चालण्यापूर्वी बांधला आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे याच रस्त्यांनी साखर कारखान्यांकडे जातात. व्हिटमनचा प्रवासी घर मागे टाकून निघतो, ऊसतोड मजूर संसार गाडीवर लादून निघतो. एकाने रस्ता निवडला आहे, दुसऱ्यावर तो लादला गेला आहे. ‘मी मला हवे तेथे जाईन’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न या तुलनेतून उभा राहतो आणि कवितेच्या गाभ्याला हात घालतो.

तथापि, कवितेला येथेच दोषी ठरविणे घाईचे होईल. मूळ दीर्घ कविता पंधरा भागांची आहे. तिच्या दुसऱ्या भागात कृष्णवर्णीय, गुन्हेगार, रोगी आणि निरक्षर यांपैकी कोणालाही हा रस्ता नाकारला जात नाही, अशी ग्वाही येते. अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर असतानाच्या काळात ही ग्वाही दिली गेली, हे ध्यानात घेतले पाहिजे. गावकुसाबाहेरच्या माणसाला सार्वजनिक वाट आणि पाणवठा नाकारणाऱ्या समाजात तिचा अर्थ समजावून सांगण्यासाठी वेगळ्या टिपणांची आवश्यकता पडत नाही.

सोपीची अटक आणि ‘उचल्या’ :

ओ. हेन्री हे विल्यम सिडनी पोर्टर (1862–1910) यांचे टोपणनाव होय. त्यांनी स्वतः 1898 ते 1901 या काळात तुरुंगवास भोगला होता. 1904 साली प्रसिद्ध झालेल्या या कथेतील बेघर सोपीला हिवाळ्याचे तीन महिने तुरुंगात काढावयाचे आहेत. त्यासाठी तो दुकानाची काच फोडतो, फुकट जेवतो, रस्त्यावर गोंधळ घालतो, छत्री पळवितो, तरी त्याला कोणी अटक करीत नाही. शेवटी चर्चमधील संगीत ऐकून तो सुधारण्याचा निश्चय करतो आणि त्याच क्षणी, काहीही न करता, पकडला जातो. अध्यापनात सामान्यतः ‘उपरोध’ आणि ‘अनपेक्षित शेवट’ या दोन संज्ञांवर कथेची बोळवण होते.

या कथेशेजारी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) हे आत्मकथन ठेवले तर वेगळे चित्र दिसते. मराठवाड्यातील या पुस्तकाला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची दृष्टी रूढ केली. कायदा 1952 साली रद्द झाला, पण ती दृष्टी टिकून राहिली. सोपी गुन्हा करूनही पकडला जात नाही. ‘उचल्या’तील माणसे गुन्हा न करताही पकडली जातात. काच फोडणारा जागेवर थांबत नसतो, या समजुतीमुळे पोलीस सोपीकडे दुर्लक्ष करतो. ‘उचल्या’त समजूत उलटी आहे आणि तिचा परिणाम मारझोडीत होतो. दोन्ही ठिकाणी कायदा कृती पाहत नाही, तो माणसाविषयीची पूर्वकल्पना पाहतो. म्हणून ओ. हेन्रींचा शेवट हा केवळ कथातंत्राचा चमत्कार ठरत नाही. चर्चच्या कुंपणाशी निरुद्योगी उभे राहणे हाच बेघराचा अपराध आहे, असा निवाडा त्यात आहे.

तुलनेच्या मर्यादा :

अशा अध्यापनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तुलनेच्या ओघात मूळ कलाकृती आपल्याच अनुभवाची छाया बनते. हा धोका खरा आहे. वर्ण आणि जात या एक नव्हेत. सोपी हा महानगरातील एकटा भटक्या आहे, तर ‘उचल्या’तील दुःख अख्ख्या जमातीचे आहे. सोपीची कथा हसविते, ‘उचल्या’ तशी हसवीत नाही. हे भेद वर्गात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजेत. साम्याइतकेच भेदही शिकवितात. दुसरा आक्षेप वेळेचा आणि भाषेचा आहे. चर्चा मराठीत झाली तर इंग्रजी मागे पडेल, असे मानले जाते. परंतु चर्चेनंतर विद्यार्थी इंग्रजी वाक्यांकडे परत आला, पोलिसाला सोपीवर संशय का येत नाही हे त्याने पाठातूनच शोधून काढले, तर भाषेचे शिक्षणही होते. अर्थाची ओढ लागल्याशिवाय शब्दकोश उघडला जात नाही.

समारोप :

पिंपळगाव रेणुकाईच्या विद्यार्थ्याला अमेरिकन साहित्य ‘सोपे करून’ देण्याची गरज नाही. त्यातील रस्ता, तुरुंग, भूक आणि पोलीस यांविषयी त्याच्या घरात पुरेसे ज्ञान आहे. त्या ज्ञानाला वर्गात प्रवेश हवा आहे. परीक्षेची चौकट शिक्षकाला एकट्याने बदलता येणार नाही, मात्र रसग्रहणातील ‘स्वतःचे मत’ हा मुद्दा मार्गदर्शक पुस्तकातून उतरविला जाऊ नये, एवढे त्याच्या हाती निश्चितच आहे. फुले, आंबेडकर, वानखडे आणि वाघमारे यांनी अमेरिकेकडे पाहताना आपली जमीन सोडली नव्हती. वरिष्ठ महाविद्यालयातील इंग्रजी आणि मराठी विभागांनी एकत्र येऊन ही परंपरा कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकांपर्यंत पोहोचविली, तर बारावीचा व्हिटमन चार गुणांच्या प्रश्नापलीकडे जाईल. अन्यथा खुल्या रस्त्याची कविता पाठ करूनही विद्यार्थ्यासाठी तो रस्ता बंदच राहील.