‘टाका नाही’ म्हणजे सोपं, असं कोण म्हणतं?

कोविडकाळात फायब्रॉइडवर आलेल्या लेखांत एक युक्तिवाद तुम्हाला वारंवार भेटेल: टाका नाही, पूर्ण भूल नाही, म्हणून महामारीत हाच उपचार बरा. इथे जरा थांबा. फोकस्ड अल्ट्रासाऊंडला खास यंत्र लागतं. ते गल्लीतल्या दवाखान्यात नसतं. डोंबिवलीच्या बाईने त्यासाठी मुंबई गाठायची म्हटली, तर सर्वसामान्य महिलांना लोकल खुली झाली २१ ऑक्टोबर २०२० ला, तीही ठराविक वेळेत. मग गोळ्या? फायब्रॉइडवरची युलिप्रिस्टल युरोपात नेमकी मार्च २०२० मध्येच यकृताच्या धोक्यामुळे स्थगित झाली. ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’ हा शब्द फक्त उपचाराची पद्धत सांगतो. तो सुरक्षित आहे की हाताशी आहे, हे सांगत नाही. म्हणून लिटरेचर रिव्ह्यूच्या तक्त्यात ‘परिणाम’च्या शेजारी ‘पोहोच’ असाही रकाना ठेवा.