एअर हॉर्न: इंजिनाच्या श्वासाचा आकार

लोटस इलान ही १९६२ साली आलेली इंग्लिश स्पोर्ट्‌स कार. तिच्या १५५८ सीसी ट्विन-कॅम इंजिनाच्या कुशीला वेबर ४० डीसीओई कार्बोरेटरची जोडी आडवी बसवलेली असते. प्रत्येक कार्बोरेटरला दोन नळ्या, म्हणजे चार सिलिंडरना हवेच्या चार स्वतंत्र वाटा. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी असतो एअर हॉर्न: बाहेर उमलत गेलेली, काठ मागे वळवलेली छोटी नळी. जुन्या गाडीचे शौकीन हॉर्न निवडतात ते बहुधा चकाकी पाहून. खरं तर त्याची एकही रेषा शोभेसाठी ओढलेली नाही, आणि हेच त्याचं सौंदर्य आहे.

आधी काठ पाहा. हवा नळीत फक्त समोरून शिरत नाही. बाजूंनी, अगदी मागूनही ओढली जाते. तोंड सरळ कापलेलं असेल तर कडेवरून वळताना झोत भिंत सोडतो, आत आखडतो आणि नळीचा बराचसा भाग वाया जातो. अशा उघड्या नळीचा प्रवेशतोटा-गुणांक ०.८ च्या आसपास असतो. तोंडाला नीट गोलाई दिली की तो ०.०५ च्याही खाली उतरतो. मागे वळलेला काठ मागून येणाऱ्या हवेलाही अलगद आत घेतो.

मग लांबी. इथे सनई आठवावी. तिच्या एका टोकाला पत्ती, दुसऱ्या टोकाला उमललेलं तोंड. इंजिनात पत्तीच्या जागी व्हॉल्व. पिस्टन खाली जाताना कमी दाबाची लाट नळीतून बाहेर धावते आणि उघड्या तोंडाशी पोचताच जास्त दाबाची होऊन परत फिरते. व्हॉल्व मिटायच्या बेतात असताना ती परतली, तर जास्तीची हवा सिलिंडरमध्ये भरते. व्हॉल्वपासून तोंडापर्यंत ३५ सेंटिमीटर धरले, तर आवाजाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३४० मीटरने, या फेरीला २ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात क्रँक ६००० आरपीएमला ७२ अंश फिरतो, ३००० ला केवळ ३६. म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना लाट फार लवकर परतते. तिला उशीर करायचा, तर नळी लांब हवी. आखूड हॉर्न वरच्या आरपीएमला खुलतो, लांब हॉर्न मधल्या.

कार्बोरेटर काढून त्या जागी इंजेक्शनची थ्रॉटल बॉडीही बसवता येते. ती निवडताना नेमका व्यासाचा मोह पडतो. वेबरच्या ४० मिलिमीटर नळीत त्याहून अरुंद गळा, म्हणजे चोक, असतो, कारण हवेचा वेग वाढून दाब उतरल्याशिवाय जेटमधून पेट्रोल ओढलं जात नाही. इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडीला ही अडचण नाही. पेट्रोल इंजेक्टर टाकतो. म्हणून तिथे ४० मिलिमीटरची नळी जवळजवळ पूर्ण मोकळी मिळते. ४५ च्या कार्बोरेटरजागी ४५ चीच बॉडी घेणारा गरजेपेक्षा मोठी घेतो. मग पायाखाली जराशी हालचाल झाली तरी बटरफ्लाय झडपेमागून हवेचा लोंढा येतो आणि गाडी हळू चालवताना हिसके देते.

या निवडीचा कस कसालसारख्या ठिकाणी लागतो. मुंबई-गोवा महामार्गावरून इथे मालवणचा रस्ता फुटतो. घाटमाथ्याकडे निघालं की फोंडा, करूळ, आंबोली हे घाट. वळणावर गिअर उतरवायचा, मधल्या आरपीएमवर पिकअप घ्यायचा, पुन्हा वळण. इथे ७००० आरपीएमची ताकद कोणाला लागते? आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. तिथे हवा सुमारे सात टक्क्यांनी विरळ होते. कार्बोरेटरचं मिश्रण किंचित दाट होतं, तर दाबाचा सेन्सर असलेलं इंजेक्शन आपोआप जुळवून घेतं. थ्रॉटल बॉडीच्या बाजूने बोलणारा हा सर्वांत वजनदार मुद्दा.

आणि धूळ. जांभ्याची तांबडी धूळ उघड्या हॉर्नमधून थेट सिलिंडरच्या भिंतीवर जाते. तोंडाला लावलेली तारेची जाळी पाखरू अडवते, धूळ नाही. म्हणून हॉर्न फिल्टरच्या पेटीत घ्यावेत, आणि तोंड व पेटीची भिंत यांत निदान नळीच्या व्यासाएवढी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर गोलाईने कमावलेलं सगळं भिंत घालवते. चकाकते हॉर्न पेटीत झाकले जातात याचं वाईट वाटून घेऊ नये. त्यांचा गुण दिसण्यात नसून श्वासात आहे.

माझा कौल स्पष्ट आहे. कोकणातल्या रस्त्यासाठी व्यास ४० चाच, हॉर्न बॉनेटखाली मावेल तेवढा लांब, तोंडाला भरपूर गोलाई आणि वर फिल्टर. कार्बोरेटर धडधाकट असेल तर तोच ठेवावा. गाडी रोज घाट चढणार असेल तर थ्रॉटल बॉडी घ्यावी. मनाजोगता हॉर्न बाजारात मिळाला नाही, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांची वाण नाही. फक्त जाताना मोजमाप घेऊन जा: आधी लांबी, मग व्यास, चकाकी सर्वांत शेवटी.